नऊ स्ट्रिपा

गणपती पेठेच्या मागच्या बोळात आमचं गोडाऊन.
पाटीवर 'घाऊक औषध विक्रेते',
खाली मालकाचं नाव, अर्धं पुसलेलं.
पुराच्या पाण्याची रेघ त्या नावाच्याही वर.
इन्शुलिनचे फ्रीज तेव्हापासून माडीवर गेले,
मी मात्र तळालाच, फोनपाशी.

एकोणीस वर्षं ऑर्डरी लिहून घेतोय.
माणसं दिसत नाहीत, आकडे ऐकू येतात.
पलूसनं खोकल्याच्या बाटल्या दुप्पट सांगितल्या
की समजायचं, कारखान्याचं धुराडं पेटलं.
विट्याहून पोटाच्या गोळ्या, म्हणजे कुठली तरी जत्रा उरकली.
आटपाडीचे मुलाणी सलाईनच्या पेट्या सांगता सांगता
मधेच गप्प होतात, तेव्हा मी विचारत नाही.
"आणि?" एवढंच म्हणतो.

खरसुंडीहून विजयमाला पुकळे बोलतात.
दुकान एवढंसं, की स्कीमचा माल ठेवायला फळी नाही.
दहावर एक फुकट म्हटलं तरी,
"दादा, मला दहा कुठं खपतात?"
चार तारखेला, यादीच्या अगदी शेवटी,
आवाज जरा खाली आणून:
"आणि ती पापणीची. नऊ स्ट्रिपा."

पायरिडोस्टिग्मिन, साठ.
मिरजेत कुठंही मिळते,
पण आटपाडीच्या लाईनवर तिला एकच गिऱ्हाईक.
एकदा डब्यातला कागद उलगडून वाचला मी, चष्मा लावून:
दिवस कलला की ज्यांच्या पापण्या आपोआप खाली येतात,
घास घशाखाली उतरत नाही, त्यांच्यासाठी.
महिन्याला नव्वद गोळ्या.
तेवढ्यावर कुणीतरी खरसुंडीत डोळे उघडे ठेवतं.
बाई की गडी, तेही मला ठाऊक नाही.

कंपनीचा डबा दहाचा.
म्हणून दर महिन्याला एक स्ट्रिप मागं उरायची,
आणि फोडलेला डबा कंपनी परत घेत नाही.
ती मी रॅकच्या कोपऱ्यात, बिस्किटांच्या खोक्यात ठेवायचो.
नऊ महिन्यांत नऊ जमतात,
दहाव्याला डबा मागवायचा नाही.
कुंतिनाथ शेठना हा हिशोब फार आवडला होता.

सात जमल्या होत्या.
आठव्या महिन्याचा डबा येऊन पडला होता.
पुकळे बाईंनी यादी सांगितली,
ओआरएस, बँडेज, कानात घालायचे थेंब,
आणि फोन ठेवला.
पुढच्या महिन्यातही तसाच ठेवला.
विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.
पण गिऱ्हाईकाचं गिऱ्हाईक आपलं नसतं,
शिवाय माझ्या मागं तीन फोन वाजत होते.

शेठ म्हणाले, "ऑक्टोबरला मरतोय हा माल. एक्सपायरीत टाक."
टाकतो म्हणालो.
टाकला नाही.

मग एका मंगळवारी, जतची लाईन.
दस्तगीर टेम्पो भरून बोळात हॉर्न मारतोय,
आणि उमदीचा नवा पोरगा, बिराजदार,
कानडी हेल काढत भराभर सांगतोय,
"अन् एक हाय बघा, नाव वाचतो, थांबा...
पा... पायरि... डो..."
"स्टिग्मिन," मी म्हणालो. "किती?"
"नऊ की ओ."

तेच माणूस असेल असं काही नाही.
उमदीतच कुणाला तरी नव्यानं हे दुखणं जडलं असेल,
तर खरसुंडीचं खातं तसंच उघडं.
किंवा लेकीनं आपल्याकडं नेलं असेल.
किंवा लेकानं ठेवून घेतलं नसेल.
"पेशंट कुठला रे?" एवढं विचारायला काय लागतं?
मी विचारलं, "रोख का उधार?"

खोक्यातल्या सात काढल्या, फडक्यानं पुसल्या.
नवा डबा फोडून दोन.
एकाच औषधाच्या बिलावर दोन ओळी पडल्या,
दोन बॅच, दोन तारखा.
पिशवीवर पेनानं ठळक लिहिलं: आधी सात संपवा.
"एवढ्याशासाठी गाडी थांबवली व्हय?" दस्तगीर म्हणाला.

डब्यात आठ उरल्या.
पुढच्या महिन्याला एक कमी पडेल.
शेठ जेवायला गेले तेव्हा
मी आणखी एक डबा मागवून ठेवला.